पट्टीवरचा आठवा दिवस

१२ नोव्हेंबर, मंगळवार

यांच्या पट्टीवरच्या नोकरीतली एकवीस रजिस्टरं माळ्यावरून उतरवली आणि माझी कंबर गेली! हे खाली उभे राहून नुसते हात वर करत होते — "हळू, हळू, फाटतील ना." मी पडले असते तरी चाललं असतं, रजिस्टर फाटायला नको.

झालं असं की सकाळी भय्याजींचा फोन आला. गावाबाहेरची ती जुनी फ्लाइंग क्लबची धावपट्टी आता भय्याजींच्या ताब्यात आहे. तिथे पुन्हा विमानं उतरवायची, शिकवणीची शाळा काढायची, असं चाललंय. लायसन्ससाठी अर्ज केलाय. चार डिसेंबरला दिल्लीहून तपासणीवाले येणार. पट्टीखालची नाली कुठून कुठे जाते हे आता जिवंत माणसांत फक्त आमच्या घरच्या माणसाला ठाऊक, म्हणून बोलावणं! शिवाय आठ तारखेला जुन्या लोकांचा सत्कार. आणि ही रजिस्टरं काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. "देवाजी, इक्कीस साल में एक दिन का नागा नहीं! कहाँ मिलता है ऐसा आदमी?"

फोन ठेवल्यावर हे आरशासमोर उभे राहून दाढी करू लागले. मंगळवारी! रविवारशिवाय दाढी न करणारा माणूस.

मी बरं बरं म्हटलं. आणि स्वयंपाकघरात गेले.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर रजिस्टरं. वरण शिजतंय, इकडून हाक — "मोनालीची माय, हे पाह्य, ऑगस्ट ब्याण्णव. पट्टीवर अजगर!" भाजी निवडतेय, पुन्हा हाक — "फेब्रुवारी दोन हजार. एक चप्पल, डाव्या पायाची. कोनाची असंल वं?" मला काय माहीत कोणाची!

हसत होते मात्र. किती दिवसांनी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्री नीट झोप नाही, म्हणून आज दुपारी बसून जुनंच आठवत राहिले.

क्लबात लागण्याआधी हे एका ठेकेदाराकडे पोलादाच्या भट्टीवर होते. नऊ वर्षं. खोकला असा की शेजारी भिंतीवर थापा मारायचे. डॉक्टर म्हणाला, धुरापासून लांब जा. लांब म्हणजे कुठे? भिलाईत! मग कोणीतरी क्लबात चिकटवून दिलं. पगार कमी, पण पट्टीला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि हवा. पहिल्याच महिन्यात खोकला निम्मा झाला. मी तुमसरच्या आईला पत्र लिहिलं होतं, की इथे इतकी हवा आहे की वाळत घातलेली साडी धरून उभं राहावं लागतं.

काम काय, तर सकाळची फेरी. दीड किलोमीटरची पट्टी. जाताना उजवी बाजू बघत जायचं, येताना डावी. मान खाली. खडा, खिळा, तार, मेलेला पक्षी, पतंगाचा दोरा — जे दिसेल ते उचलून डब्यात टाकायचं. चाकाखाली एवढासा खडा आला, नाहीतर पंख्यानं ओढून घेतला, तरी विमानाचं काय होईल सांगता येत नाही. मग वाऱ्याची पिशवी बघायची, फाटली असेल तर ती माझ्याकडे शिवायला. आणि शेवटी रजिस्टरात एक ओळ. "रनवे चेक किया। साफ है। देवाजी." ती ओळ वाचल्याशिवाय क्लबाचे साहेब कोणाला विमान सुरू करू देत नसत.

बस, ही एक ओळ. पण हे ती लिहायचे ना, तर आधी हात धुवायचे!

मोनाली लहान असताना इंजिनाचा आवाज आला की ताटावरून उठून पळायची. उष्ट्या हातानं. मी ओरडत मागे. अंगणातून विमानाचं पोट दिसायचं, अगदी जवळ. ती हात हलवायची आणि शिकाऊ पोरं पण वरून हात हलवायची. गवताला पहिलं ऊन लागलं की एक वास यायचा, दवाचा आणि पेट्रोलचा मिळून. सेक्टर ६ मधल्या या क्वार्टरात सगळं आहे — नळ, बाजार. पुढे मला शाळेत नोकरी लागली, त्याची ही पुण्याई. तो वास नाही. मला तिथली फार आठवण येते, हे यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोज तोच विषय काढला असता.

१७ नोव्हेंबर, रविवार

मोनालीचा फोन. दिल्लीत ती विमानतळ तपासणाऱ्या सरकारी खात्यात आहे. आपल्या पट्टीची बातमी ऐकून खूश! मी म्हटलं, मग तूच ये तपासायला, पुरणपोळी खाऊन पास करून टाक. तर म्हणते, "आई, पागल है क्या? माझे आईबाबा जिथे राहिले त्या पट्टीची फाइल मी हातातपण घेऊ शकत नाही. रूल आहे. मी लिहून दिलंय ऑफिसात."

मग मी विचारलं, किती खाती आहेत गं तुमची? भय्याजी रोज नवीनच नाव सांगतात. तिनं समजावलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा मी माझ्या पद्धतीनं लावून घेतलं. लग्नाच्या जेवणाचं समजायचं. पंगत कशी असावी याचं पुस्तक लिहिणारी एक मोठी संस्था, कॅनडात, सगळ्या देशांची मिळून. ते पुस्तक आपल्या देशात लागू करणारं आणि चूल-भांडी बघून "हं, करा स्वयंपाक" म्हणणारं हिचं खातं — डीजीसीए. मोठमोठे विमानतळ चालवणारी, आकाशात विमानांना वाट दाखवणारी ऑथोरिटी म्हणजे आचारी आणि वाढपी. दारात उभं राहून कोणाच्या पिशवीत काय आहे ते कसं बघायचं, हे ठरवणारा ब्युरो वेगळा. आणि जेवण बाधलंच तर चौकशी करणारे आणखी वेगळे. ते या खात्यातले नसतात.

"ते वेगळे कशाला?" मी विचारलं.

"आई, ज्यानं चूल पास केली तोच कसं सांगणार की चूल खराब होती? आपली चूक आपल्याला दिसते का?"

मी विचारलं, तू कधी येतेस?

मग म्हणाली, सत्काराला येणार, पंधरा दिवसांची सुट्टी टाकलीय. भाषण पण करणार. "तुझी गोष्ट सांगणार. ग्यारह दिन वाली."

फोन ठेवल्यावर दूध उतू गेलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

१९९७ चं रजिस्टर काढून गादीखाली ठेवलं. चोराच्या मनात चांदणं.

२० नोव्हेंबर, बुधवार

लिहूनच टाकते. इथे नाही लिहिणार तर कुठे!

जानेवारी ९७. यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, उठता येईना. नोकरी अजून कच्ची होती. क्लबाच्या तेव्हाच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं — खाडा झाला तर बदली माणूस ठेवीन, आणि मग तोच राहील. म्हणजे हे परत भट्टीवर, आणि तो खोकला. यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, रडता कशाला, पट्टीच चालायची आहे ना? दोन पाय मलाही आहेत.

यांचं खाकी जाकीट घातलं, कानटोपी घातली, साडी वर खोचली. फाटकावर रामाजी चौकीदार होते. ते म्हणाले, "वहिनी, मी काही पायलं नाही," आणि तोंड फिरवून बिडी पेटवली. सकाळी साडेसहाला मी पट्टी चालायची, डबा भरायची आणि रजिस्टरात यांच्या अक्षरात लिहायची. यांचं अक्षर काढायला मला एक संध्याकाळ लागली. "साफ" चा "फ" जरा वाकडा.

नऊ तारखेपासून एकोणीसपर्यंत. अकरा दिवस. वीस तारखेला हे काठी धरून स्वतः गेले. नोकरी वाचली, पुढे पक्की झाली, मोनाली शिकली. रिटायर झाल्यावर यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. मोनालीला तर पाठच. दिल्लीच्या मुलाखतीत विचारलं, या क्षेत्रात का यायचंय, तेव्हा तिनं हेच सांगितलं. नवीन लोकांना शिकवते तेव्हा पण सांगते. कागद खोटा होता पण पट्टी खरंच साफ होती, म्हणते, आणि माझी आई एकही दिवस चुकली नाही.

चुकले.

आठवा दिवस. १६ जानेवारी, गुरुवार. मी आजारी नव्हते. मोनाली आजारी नव्हती. धुकंसुद्धा नव्हतं. मनाला सांगायला मी पुष्कळ वर्षं मोनालीला ताप होता असं म्हणत आले, इतकं की मलाही खरं वाटायला लागलं होतं. पण ताप नव्हता. कंटाळा आला होता! सात दिवस आजाऱ्याचं, पोरीचं, चुलीचं करून पाय दुखत होते. दोनशे-तीनशे पावलं गेले. पट्टी स्वच्छ दिसत होती. काल होती, परवा होती, आज काय होणार? पुलियावर, त्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसले. ऊन आलं. इतकं बरं वाटलं! पाऊण तास बसले असेन. मग उठून ऑफिसात गेले आणि लिहिलं — रनवे चेक किया। साफ है।

त्या दिवशी अकरा वाजता नागपूरहून पाहुण्यांचं विमान आलं. पाच माणसं. मी दगडावर कपडे धूत होते. आवाज खाली खाली यायला लागला आणि माझे हात फेसातच थांबले. चाकं टेकल्याचा आवाज आला. मग इंजिन हळू झालं. काही झालं नाही. मी तिथेच बसून ओकले.

दुपारी यांनी खाटेवरून विचारलं, "चालली ना पूरी?"

मी म्हटलं, "हो तर."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

"वीसच कशी?" सकाळपासून हेच चाललंय. "एकवीस होते. सत्त्याण्णवचं कुठं गेलं?"

मी म्हटलं, उंदरानं नेलं असेल. हे म्हणाले, "उंदीर रजिस्टर नेते का पुरं?" माळ्यावर पुन्हा चढायला निघाले. गुडघे दुखतात आणि चढायला निघाले! मी ओरडले. ते पण ओरडले. म्हणे, तुले काय किंमत त्याची. मला! शेवटी शिडी धरून उभी राहिले, हे वर शोधत राहिले, आणि मी खालून सांगत राहिले की तिकडच्या कोपऱ्यात बघा, गोणपाटाखाली बघा.

लाज वाटली मला. खरंच वाटली.

२४ नोव्हेंबर, रविवार

मोनाली काल आली. केस कापलेत. बारीक झाली. आल्या आल्या मी तिला भात-कढी दिली आणि तिनं दोनदा घेतली, म्हणजे तब्येत ठीक आहे.

आज सकाळी बाप-लेक अंगणात ऊन खात बसले होते. ती सांगत होती, त्यांच्याकडे एक सोय असते. पायलट असो, पट्टीवरचा माणूस असो, कोणाकडून चूक झाली आणि त्याचं काही वाईट झालं नाही, तरी ती स्वतःहून कळवायची. साधी चूक स्वतःहून कळवली तर सहसा शिक्षा करत नाहीत. हे म्हणाले, "काही झालंच नाही तं सांगाचं कावून?"

ती म्हणाली, "बाबा, झालं नाही म्हणजे सगळं ठीक होतं असं नाही ना. किस्मत पण असू शकते. एकानं सांगितलं तर दुसऱ्या पट्टीवरचा वाचतो. नाही सांगितलं तर सगळे म्हणणार, हमारे यहाँ तो कभी कुछ हुआ ही नहीं."

यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. चहा थंड झाला म्हणून मी कप उचलला.

मग ती माझ्याकडे वळली. कागद-पेन घेऊन! "आई, भाषणासाठी सांग ना. आठव्या-नवव्या दिवशी थकली असशील. तेव्हा काय वाटायचं? वाटायचं का आज नको जाऊ?"

तिनं आपलं उगाच आठवा म्हटलं. मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, आणि आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

चरोद्याला गेले. एकटीच. यांना सांगितलं ब्लाऊज टाकायला जाते.

रामाजी आता मुलाकडे राहतात, रेल्वे कॉलनीत. मुलगा यार्डात आहे. रामाजींचे दात गेलेत, कान चांगले आहेत. "जय भीम वहिनी! आज सूर्य कुनीकडून उगवला?" सुनेनं पोहे केले. मी सून आत जाईपर्यंत थांबले आणि मग एकदम विचारलं — त्या अकरा दिवसांत तुम्हाला काही आठवतं का?

"आठवते ना. एक दिवस तुमी पुलियावर बसून होत्या."

सत्तावीस वर्षं! आणि या माणसानं किती सहज सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही बघितलं होतं? बोलला का नाहीत?

"काय बोलाचं? थकल्या होत्या तुमी. मी मनात म्हनलं, बसू दे बापडीले." मग म्हणाले, "आता कावून उकरून राहिल्या? काही झालं तं नाही ना."

हेच मी सत्तावीस वर्षं मला सांगत आलेय. त्यांच्या तोंडून ऐकलं तर किती पोकळ वाटलं. मी विचारलं, मग तुम्ही तरी जायचं होतं ना पट्टीवर, मी बसलेली बघून. ते म्हणाले, "माही ड्यूटी फाटकाची होती, वहिनी." तेही खरंच आहे.

येताना लोकलची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभी होते. मालगाडी गेली, आणि एक माणूस खाली वाकून एकेका डब्याची चाकं बघत होता, हातात हातोडी. न कंटाळता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझी लोकल चुकली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मोनालीला सांगितलं.

हे बाजारात गेले होते. मी गादीखालून रजिस्टर काढलं, तिच्यापुढे १६ जानेवारीचं पान उघडलं आणि सांगून टाकलं. एका दमात. वाटलं होतं, रडेल, नाहीतर मिठी मारेल, म्हणेल जाऊ दे आई. तसं काही नाही. तिचा चेहराच बदलला. ऑफिसातला चेहरा असणार तो, मी कधी पाहिला नव्हता.

"किती पावलं गेलीस?"

"दोनशे. तीनशे असतील."

"कुठल्या बाजूनं? विमान कुठलं होतं? किती लोक होते?"

मी शाळेतल्या पोरीसारखी उभं राहून उत्तरं दिली. मग तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. अक्षर अगदी बाबांचं आहे, म्हणाली. मग हळूच —

"मी पाच वर्षं लोकांना सांगतेय, आई. एक भी दिन नहीं चूकी."

"माहीत आहे मला."

"मग मधे कधी बोलली का नाहीस? मुलाखतीच्या आधी तरी?"

तू ती गोष्ट सांगताना इतकी छान दिसायचीस, असं म्हणाले. खरं तेच होतं. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं आणि म्हणाली, "बाबांना तू सांगायचं. मी नाही सांगणार. आणि आठ तारखेच्या आधी."

मग आत जाऊन भाषणाचे कागद फाडले. आवाज आला मला.

१ डिसेंबर, रविवार

यांना सांगितलं. सकाळी, चहाच्या वेळी.

हे ऐकत होते, बशी हातात. माझं संपलं तरी बशी तशीच. मग विचारलं, "रजिस्टर कुठं हाय?" मी आणून दिलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि बाकीच्या वीसवर ठेवलं. चहा न पिता बाहेर गेले. दुपारी आले. जेवले. एक शब्द नाही.

अजून रागावले असते तर बरं झालं असतं. भांडी आपटली असती, शिव्या दिल्या असत्या. मला यांच्या रागाची सवय आहे, गप्पपणाची नाही.

२ डिसेंबर, सोमवार

बोलत नाहीत.

४ डिसेंबर, बुधवार

तपासणीवाले आले. तिघं. मोनाली नियमाप्रमाणे घरीच, खिडकीतून रस्त्याकडे बघत. हे सकाळीच गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी डबा दिला, घेतला. बोलले नाहीत.

संध्याकाळी भय्याजींचा ड्रायव्हर सोडायला आला होता. त्याच्याकडूनच कळलं. साहेब लोकांनी टेपनं सगळं मोजलं, कुंपणात सतरा भोकं मोजून दाखवली, वाऱ्याची पिशवी लहान आहे म्हणाले, आग विझवायची गाडी कुठे उभी राहील ते विचारलं. मोठी यादी दिलीय. लायसन्सला अजून पुष्कळ महिने. पण यांनी नाली बरोबर दाखवली. गवत काढलं आणि झाकण जिथे म्हणाले तिथेच! एक साहेब म्हणाले, "बाबूजी, आप तो नक्शा हैं."

माझा ऊर भरून आला. मी आत जाऊन यांना म्हटलं, ऐकलं हं मी. हे पाणी पीत होते. पिऊन झाल्यावर म्हणाले, "भय्याजीले सांगून देल्लं. रजिस्टरं कपाटात ठेवाचे नाहीत."

तीन दिवसांनी बोलले, तेही हे.

भय्याजींना वाटतंय, देवाजी लाजतात. मला ठाऊक आहे कशामुळे. माझ्या एका दिवसानं यांचं सगळं कपाट गेलं. एकवीस वर्षं पहाटे उठून, पावसात छत्री धरून, आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा जाऊन या माणसानं ती ओळ मिळवली होती. आणि मी ऊन खात बसले. मोनालीजवळ रडले. ती म्हणाली, "आई, तू बरोबर केलंस. बरोबर केलं की लगेच बरं वाटतं, असं थोडंच आहे."

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. पांढरी साडी नेसून विहारात गेले. हे बायकांच्या ओळीपलीकडे उभे होते, मोनाली माझ्याजवळ. सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्या. यांची वाऱ्यानं दोनदा विझली. तिसऱ्यांदा मी माझ्या मेणबत्तीनं लावून दिली. यांनी लावू दिली.

परतताना तिघंही पायीच आलो. हे मधेच थांबून म्हणाले, "ललिता, तुले त्या दिवशी पुलियावर बसून बरं वाटलं होतं का?"

लग्नानंतर नावानं कितीदा हाक मारली असेल यांनी? मी खरं ते सांगितलं. फार बरं वाटलं होतं.

मान हलवली आणि चालू लागले. मोनालीनं माझा हात धरला. पूर्ण रस्ता धरून होती.

७ डिसेंबर, शनिवार

उद्या सत्कार. यांचा पांढरा शर्ट धुऊन वाळत घातला. यांनी दार लोटून घेतलंय, आत रजिस्टरं पसरून बसलेत. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "थांब." मोनालीनं भाषण नवीन लिहिलंय, मला दाखवत नाही. मी विचारलं, माझं नाव आहे का त्यात? "आहे," म्हणाली. "आठव्या दिवसासकट. चालेल?"

चालेल म्हटलं. भीती वाटतेय, पण चालेल.

८ डिसेंबर, रविवार

सत्कार संध्याकाळचा. दुपारी जेवणं झाली. मोनाली आंघोळीला गेली होती. यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. दोन्ही बाजूंनी तारखाच तारखा, यांच्या अक्षरात. काहींच्या पुढे फुली.

मी म्हटलं, हे काय?

"ज्या दिवशी मी चाललो नाही, आनं साफ हाय म्हनून लिवलं, त्या दिवशी सहीच्या खाली टिंब टाकत होतो. एकेचाळीस हायेत. फुली हाय त्या दिवशी विमान उतरलं."

फुल्या नऊ.

"कपाटात कोन्या तोंडानं ठेवू?" मग आत पाण्याचा आवाज थांबला, तसे घाईनं म्हणाले, "सत्काराले जाच्या आधी मोनालीले सांगतो. तू काही बोलू नको. फक्त माह्या बाजूले बस."

बसले.